कलाबाईंचे सवाल

कलाबाईंनी मला पहिल्या भेटीतच नापास केलं.

मुलाखत खरं तर मी त्यांची घ्यायची होती. मंठ्याच्या बसस्टँडसमोरचं हॉटेल, टेबलावर दोन कट चहा, मी संस्थेचा सुपरवायझर आणि त्या उमेदवार. मी फाईल उघडून घसा साफ करतोय तोवर बाईंनी छापील प्रश्नावली माझ्या हातातून काढून घेतली, चारही पानं चाळली, पालथी घातली आणि तिच्यावर बशी ठेवली.

"साहेब, आज तिथी कोणती?"

"तिथी... बहुतेक..."

"बहुतेक न्हाई. सांगा."

मला सांगता आली नाही.

"बरं, सध्या रानात काय उभं हाय?"

मी जालन्याच्या मोंढ्याजवळ वाढलेला माणूस. पोत्यातला माल पाहिलेला, उभा कधी पाहिला नव्हता. भीत भीत म्हणालो, "सोयाबीन?"

महिना फेब्रुवारीचा होता. शेजारच्या टेबलावरची तीन माणसं वळून माझ्याकडं बघायला लागली.

"वय काय तुमचं?" बाईंनी विचारलं.

"बत्तीस."

"जल्दी लागला म्हातारचळ."

"अहो, पण हे प्रश्न फॉर्मात नाहीत!"

"तेच सांगून राह्यले. तुमच्या सवालावर आमचे म्हातारे फेल, मह्या सवालावर तुम्ही फेल. मंग येडं कोण, ते तुम्हीच ठरवा. आता सांगा, कामावर घेता का न्हाई?"

घेतलं. दुसरा उमेदवार आलाच नव्हता.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची ही गोष्ट. म्हातारपणी माणसाची स्मृती का जाते, खेड्यापाड्यात असे किती जण असतील, हे कुणी कधी मोजलेलं नव्हतं. ते मोजायला तिघे एकत्र आले होते. परदेशातलं एक विद्यापीठ, औरंगाबादच्या एक डॉक्टर मॅडम आणि जालन्याची आमची दोन खोल्यांची संस्था. पैसा परदेशातून यायचा, डोकं मॅडमचं होतं आणि पाय आमचे. पैसा हप्त्याहप्त्यानं येई आणि प्रत्येक हप्त्याआधी अहवाल जावा लागे. माझी नेमणूक अकरा महिन्यांची. हप्ता आला तर पुढचे अकरा महिने, नाही तर नमस्कार. घरी बायकोला तिसरा महिना होता. त्या काळात माझ्या शर्टाच्या खिशात पेन कमी आणि अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या जास्त असत.

गावांची नावं कुठं लिहायची नाहीत, असा नियम होता. म्हणून गावांना नंबर दिले होते. कलाबाईंच्या वाट्याला गाव नंबर चार आलं. मंठ्यापासून आठ किलोमीटरवरचं, त्यांचं राहतं गाव. हे ऐकून बाईंना राग आला.

"चार कामून? एक का न्हाई?"

"अहो, नंबराला काही अर्थ नाही."

"अर्थ न्हाई मंग एक द्या."

शेवटी फॉर्मवर 'चार' आणि बोलताना 'एक नंबर गाव' असा तोडगा निघाला.

कलाबाई तेव्हा पंचेचाळीसच्या आसपास असतील. पूर्वी बालवाडी चालवायच्या, ती बंद पडली. उंच, काटक, डोक्यावर घट्ट पदर, पायात पुरुषी चपला आणि बारा महिने हातात काळी छत्री. छत्री त्यांनी उघडलेली मी कधी पाहिली नाही. ती रस्ता दाखवायला, कुत्री हाकलायला आणि माझ्या फॉर्मातली चूक दाखवायला होती. खांद्याच्या पिशवीत गूळ-शेंगदाण्याचा डबा. म्हाताऱ्या माणसाच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, अर्धा तास इकडचं तिकडचं बोलायचं आणि मग फॉर्म काढायचा, ही त्यांची पद्धत.

"अर्धा तास कशाला?" मी म्हणे. "दिवसाला आठ फॉर्म व्हायला पाहिजेत."

"उपाशी आन् भ्यालेल्या माणसाला काही आठवंत न्हाई साहेब. तुम्हाला तरी तिथी आठवली का? तुम्ही तर चहा पेल्ते."

दिवसाला तीन फॉर्म होत. मी रोज संध्याकाळी पिवळ्या पाटीच्या बूथवरून मॅडमना फोन करून हे तीन फॉर्म कसे सांगावेत, याचा विचार करत रांगेत उभा राही.

आता त्या फॉर्माबद्दलही सांगायला हवं. प्रश्न परदेशात तयार झालेले. मराठी कुणी केलं होतं कोण जाणे. पहिल्याच पानावर होतं, 'आपण आत्ता कितव्या मजल्यावर आहोत?' गाव नंबर चारमध्ये माडी एकच होती, तीही सरपंचाची, आणि तिच्यावर कडबा होता. म्हातारे आधी खाली बघत, मग आमच्याकडं बघत आणि दया आल्यासारखं म्हणत, "जिमिनीवर." ह्या उत्तराला गुण नव्हता. मी नियमाप्रमाणं शून्य लिहायला सांगे.

कलाबाई लिहीत नसत. शून्याशी त्यांचं वैरच होतं. चौकट रिकामी ठेवत आणि बाजूला, जिथं 'येथे काही लिहू नये' असं छापलेलं होतं, बरोब्बर तिथं लिहीत, 'सवाल बराबर न्हाई.' औरंगाबादला मात्र रिकामी चौकट शून्यच धरली जाई.

एक प्रश्न शंभरातून सात-सात वजा करण्याचा होता. तो कलाबाईंनी शेळ्यांवर आणला. "शंभर शेळ्या हायेत. आज सात इकल्या. किती राह्यल्या?" पारूबाई नावाच्या ऐंशीच्या घरातल्या म्हातारीनं त्र्याण्णव सांगितलं, शहाऐंशी सांगितलं आणि मग तोंड मिटून घेतलं.

"पुढं सांग की मावशी," कलाबाई म्हणाल्या.

"न्हाई. समद्या इकून टाकल्या तर खायचं काय?"

त्या फॉर्मवर शेरा होता, 'हिशोब येतो. विकायला तयार न्हाई.'

मला हसू आलं आणि पाठोपाठ मी एक गोळी तोंडात टाकली. हा शेरा औरंगाबादला संगणकात कोण आणि कसा भरणार होतं?

पण पारूबाईच्या बाबतीत पुढच्याच आठवड्यात जे झालं, त्यानंतर मला हसू येईनासं झालं. तिचा मुलगा शाळेच्या ओट्यावर मला गाठायला आला. नवं धोतर, कपाळाला गंध, हात जोडलेले.

"साहेब, म्हातारीचा तेवढा कागद द्या."

"कुठला कागद?"

"तिला काही समजत न्हाई, असा. तुमच्या फॉर्मात शून्य आलंय म्हणतात. शिक्का मारून दिला तर तलाठ्याला दाखवता येतो. अडीच एकर तिच्या नावावर हाय, आन् अंगठा काही देईना."

मी म्हणालो, असा कागद आम्ही देत नाही, माहिती गुप्त असते. तो हसला आणि "बघा, जमलं तर" म्हणून गेला.  कलाबाई भिंतीला टेकून ऐकत होत्या.

"बघितलं?" त्या म्हणाल्या. "तुम्हाला वाटतं शून्य म्हंजे नुसता आकडा. इथं शून्याला अडीच एकर जिमीन लागून हाय."

त्या दिवसापासून गावात कुजबुज सुरू झाली. हे लोक म्हाताऱ्यांना येडं ठरवायला आलेत. आम्ही गल्लीत शिरलो की म्हातारी माणसं आत नेली जात. एका घरात तर आजोबा दाराआड उभे राहून पंचांग पाठ करताना मी स्वतः ऐकले. मी रोज एक गोळी जास्त खाऊ लागलो.

मी मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम हुशार आणि सरळ बाई. म्हणाल्या, "छापील प्रश्न मला बदलता येणार नाहीत. तिकडे जे विचारलं, तेच इकडे विचारलं तरच तुलना होते. त्यासाठीच तर आपण एकत्र आलोय. पण फॉर्मची मागची बाजू कोरी आहे. तिथं तुमच्या बाईंना त्यांचे प्रश्न विचारू द्या. फक्त प्रत्येकाला तेच आणि त्याच क्रमानं."

कलाबाईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी छत्री आपटली, म्हणजे त्यांना आनंद झाला. दुसऱ्या दिवशी त्या एक वही घेऊन आल्या. तीत सवाल होते. पोळा कोणत्या महिन्यात. ज्वारी काढायच्या आधी हुरडा का नंतर. मी तीन नावं सांगते, खाट, बैल, भाकर, ती मागून सांगायची. मेंढीच्या पिलाला काय म्हणतात. घरात आत्ता माणसं किती, त्यांची नावं काय. घर गावाच्या कुण्या अंगाला.

एवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. पण बाई दर दोन दिवसांनी सवाल बदलायच्या. "हा बराबर न्हाई, कठीण जातो." मी म्हणे, "कुणाला जातो? सगळ्यांना तर येतोय." त्या वही उघडत. वहीत खाडाखोड आणि खाली नवा सवाल, आधीच्याहून सोपा. शेवटी मी जवळजवळ रडकुंडीला येऊन वही ताब्यात घेतली आणि सांगितलं की आता एकही अक्षर बदलायचं नाही. त्यानंतर त्या दोन दिवस माझ्याशी मोजून-मापून बोलल्या.

चार महिन्यांनी गाव पूर्ण झालं, अहवाल गेला. उत्तर फॅक्सनं आलं. बूथवाल्यानं तो गुळगुळीत कागद माझ्या हातात दिला तेव्हाच तो घामानं चिकटला. मॅडमनी त्याचा अर्थ फोनवर सांगितला. गाव नंबर चारमध्ये फॉर्मच्या पुढच्या बाजूनं बघितलं तर अर्धं गाव आजारी, मागच्या बाजूनं बघितलं तर एकही नाही. दोन्ही खरं असू शकत नाही. ज्या प्रश्नांवर कुणीच अडखळत नाही, ते प्रश्न काय कामाचे? परदेशातले पाहुणे डॉक्टर स्वतः येतील, काही घरं पुन्हा तपासतील. तोवर दुसरा हप्ता थांबवला आहे.

"आणि एक लक्षात ठेवा," मॅडम म्हणाल्या, "जी घरं बंद दाखवलीत, ती ते आधी बघणार. आजारी माणूस बहुतेक बंद घरातच असतो."

मी यादी काढली. अख्ख्या गावात बंद घर एकच होतं. घर क्रमांक एकतीस. कुटुंबप्रमुख आसाराम, वय अंदाजे अठ्ठ्याहत्तर, माणसं दोन. पहिली भेट, घर बंद. दुसरी भेट, घर बंद. तिसरी भेट, घर बंद. तिन्ही ठिकाणी कलाबाईंचं ठसठशीत अक्षर.

पाहुणे यायच्या आदल्या दिवशी सकाळी मी कुणाला न सांगता एकटाच गावात गेलो. वाटलं, कुलूप आपल्या डोळ्यांनी बघावं म्हणजे जीव शांत होईल. एकतीस नंबर गावाच्या पश्चिमेला, शेवटचं. पत्र्याचं छप्पर, शेणानं सारवलेलं अंगण, दार सताड उघडं. अंगणात खाटेवर एक म्हातारा बसला होता, अंगाखांद्यानं मोठा, पांढऱ्या मिशा, खांद्यावर घोंगडी. आणि त्याच्यासमोर जमिनीवर बसून कलाबाई ताटलीत भाकर कुस्करत होत्या.

त्यांनी मला पाहिलं. उठल्या नाहीत. कुस्करायच्या थांबल्याही नाहीत.

"या साहेब," म्हणाल्या. "मह्ये वडील."

तेव्हा माझ्या ध्यानात आलं, की चार महिने मी ह्या गावात येत होतो, दहा घरचा चहा प्यालो होतो आणि ह्या बाईनं मला एकदाही घरी बोलावलं नव्हतं. फॉर्मवर त्या सासरचं आडनाव लावत, म्हणून मला संशयही आला नाही. सासरी त्या दोनच वर्षं नांदल्या होत्या, हे त्यांनीच त्या दिवशी सांगितलं. नवऱ्यानं दुसरी केली. बाप बैलगाडी घेऊन आला, सामान भरलं आणि रस्ताभर एक शब्द न बोलता लेकीला घरी आणलं. त्यानंतर ह्या घरात दोघंच. आबा मेंढरं राखायचे, मग म्हातारपणी मेंढरं विकली, आणि तीन-चार वर्षांपासून हे असं.

"तुम्ही यांना सवाल विचारले नाहीत?" मी विचारलं.

"इचारले."

"मग?"

त्यांनी घास भरवला, हातानं आबांच्या मिशा पुसल्या.

"नवा सवाल सुचला की आधी आबालाच इचारत व्हते. सकाळच्या पारी, डोकं ताजं असतंय तव्हा. आला न्हाई की वाटायचं, सवालच बराबर न्हाई. मंग त्याच्याहून सोपा करायचा. तो बी येईना." त्या ताटलीकडं बघत होत्या. "मेंढीच्या पिलाचा सवाल तर मी ह्यांच्यासाठीच घातल्ता. सारी जिंदगी कोकरं खांद्यावर घेऊन फिरलेला माणूस. म्हणलं, ह्यो तरी येईल. कुठं तरी एखादा सवाल असंल ना साहेब, आबाला येणारा? तो सापडला की मंग दार उघडायचं, असं ठरवलं व्हतं. तुम्ही वही घेऊन गेले."

 मी फक्त घाबरट माणूस आहे, वाईट नाही. खिशातून यादी काढली आणि म्हणालो, "कलाबाई, हे घर मी यादीतून काढतो. 'गाव सोडून गेले' असा एक रकाना आहे. पाहुण्यांना कोण सांगणार आहे?"

त्यांनी ताटलीतली उरलेली भाकर कुस्करली. आबा आमच्याकडं आळीपाळीनं बघत होते, एखादं लग्न ठरत असल्यासारखे गंभीर.

"हे घर काढलं तर मागच्या बाजूचं काय होईल?"

"मागची बाजू बहुतेक रद्द होईल. त्यावर कुणीच नापास नाही, हीच तर त्यांची अडचण."

"आन् पुढची?"

"ती राहील."

"म्हंजे पारूबाई येडी."

"कागदावर."

"कागदावरच तर समदं असतंय साहेब." त्यांनी ताटली बाजूला ठेवली. "काही काढू नका. आणा उद्या पाव्हण्याला. पन इचारायचं तुम्ही. मह्या तोंडातून न्हाई व्हायचं."

त्या रात्री मला झोप लागली नाही, एवढंच सांगतो.

पाहुणे साठीचे, खूप उंच आणि खूप हळू बोलणारे डॉक्टर होते. पत्र्याच्या दारातून वाकून आत यायच्या आधी त्यांनी बूट काढले, म्हणून माझी भीती थोडी कमी झाली. मॅडम त्यांच्या शेजारी. कलाबाई दाराच्या चौकटीला टेकून उभ्या, छत्री दोन्ही हातांत आडवी धरून. मी आबांसमोर बसलो. फॉर्म मांडीवर ठेवला.

आधी पुढची बाजू. मजल्याबिजल्याचे प्रश्न. आबा प्रत्येक प्रश्न मान हलवत नीट ऐकत आणि मोठ्या अदबीनं म्हणत, "जेवून आलात का तुम्ही?"

मग मागची बाजू. पोळा कोणत्या महिन्यात?

"जेवून आलात का?"

खाट, बैल, भाकर. पुन्हा सांगा बरं, आबा.

आबांनी माझ्याकडं बघितलं. "बसा की निवांत."

मेंढीच्या पिलाला काय म्हणतात?

ह्या प्रश्नाला ते थांबले. दोन्ही हात वर केले, तळवे उघडले, त्यांच्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता येतंय. कलाबाईंना काय वाटलं ते मी बघितलं नाही. माझी मान वळेना. मग आबांनी हात खाली घेतले आणि ओशाळून हसले.

मी पेन उघडलं, पण चौकटीवर टेकवता येईना. तेवढ्यात मागून हात आला. कलाबाईंनी पेन घेतलं, वाकल्या आणि प्रत्येक चौकटीत एकेक शून्य लिहिलं. गोल, सुबक, बालवाडीच्या बाई फळ्यावर काढतात तसं. मग मॅडमकडं वळून म्हणाल्या, "घर बंद म्हणून मी खोटं लिव्हलं. त्याच्यासाठी महं नाव काढून टाका. पन सवाल काढू नका. सवाल बराबर हायेत."

मॅडमनी हे पाहुण्यांना इंग्रजीत सांगितलं. अर्धंच सांगितलं असावं, कारण त्यांना मधेच चष्मा काढावा लागला. पाहुण्यांनी बूट घातले. त्या दिवशी त्यांनी आणखी नऊ घरं केली. पारूबाईनं त्यांना शेळ्यांचा हिशोब सांगितला आणि पुन्हा शहाऐंशीवर विक्री थांबवली. जीपमध्ये बसताना ते मॅडमना म्हणाले, ह्या बाईंच्या प्रश्नांवर निरोगी माणूस अडत नाही आणि आजारी माणूस सुटत नाही. चांगल्या प्रश्नाकडून आणखी काय हवं?

म्हणजे कलाबाईंचे सवाल पास झाले, ते आबा नापास झाले म्हणून. हे मला जीपमध्ये कळलं. कलाबाईंना बहुतेक आदल्या सकाळीच कळलं होतं.

त्यानंतर अडीच महिने काही कळलं नाही. पगार नाही. ह्या मधल्या काळात मला मुलगी झाली आणि पेढे मी सासऱ्यांच्या पैशानं वाटले. रोज बूथवर जाऊन विचारायचो, बूथवाला लांबूनच हात हलवायचा. मी त्या गावाकडंही फिरकलो नाही. काय तोंड घेऊन जाणार?

शेवटी पत्र आलं. तिघांनी मिळून तीन वर्षं काम करायला मंजुरी. प्रश्नावली गाव नंबर चारची वापरायची, इतर गावांत तिथल्या माणसांना विचारून तशाच तयार करायच्या. कलाबाईंना कामावरून काढायचं नाही, उलट नव्या मुलामुलींना शिकवायला औरंगाबादला बोलवायचं, पण यापुढं 'घर बंद' लिहायचं नाही, अशी तंबी. मी पत्र खिशात घालून मिळेल त्या बसनं मंठ्याला निघालो आणि पुढं चालत गेलो. पोहोचलो तेव्हा दिवेलागण होत आली होती.

कलाबाई चुलीपुढं होत्या. चहाचं आधण ठेवलेलं. मी दारातूनच पत्र वाचून दाखवलं. त्यांनी मान डोलावली.

"औरंगाबादला न्हाई जमायचं. आबाला कुणावर टाकू? पोरापोरींना हिकडंच पाठवा. एकेक करून. घरातच शिकवते."

"पण तुम्हाला आनंद नाही झाला?"

"झाला की. पारूबाईला सांगा आधी, लई घोर लागल्ता तिला."

एवढ्यात आबा खाटेवरून उठले. इतका वेळ दगडासारखा बसलेला माणूस एकाएकी अस्वस्थ झाला होता. दारापाशी गेले, उंबऱ्यावर उभे राहिले, अंधारून आलेल्या रानाकडं बघत म्हणाले, "एक कमी हाय."

"काय म्हणतात?" मी विचारलं.

"मेंढरं जाळीच्या कुंपणात घ्यायची येळ झाली ना. रोजचंच हाय. एकेकाच्या पाठीवर हात ठेवून आत घ्यायचे."

"म्हणजे मोजता येतं अजून?"

"मोजता न्हाई येत. कमी हाय, येवढं तेवढं कळतं."

"एक कमी हाय," आबा पुन्हा म्हणाले. आवाज कापत होता. एक पाय उंबऱ्याबाहेर गेला. ते त्या अंधारात जायला निघाले होते, खरोखरच.

"मंग मी बाहेर जाते आन् फिरून आत येते," कलाबाई घाईनं सांगत होत्या. "त्यांच्या हाताखालून. की मंग निवांत होतात. कव्हा एका फेरीत, कव्हा धा-बारा फेऱ्या." त्या उठल्या, आणि नेमकं तेव्हाच आधणाला उकळी फुटली, चहा वर आला. एका हातानं त्यांनी पातेलं धरलं आणि माझ्याकडं बघितलं. एवढ्या महिन्यांत ह्या बाईनं माझ्याकडं कधी काही मागितलं नव्हतं.

"साहेब, आज तुम्ही जाता का?"

मी पत्र खाली ठेवलं. आबांच्या बाजूनं अंग चोरून बाहेर गेलो, अंगणात एक वळसा घेतला. हवेत गारवा होता. मग दारापाशी आलो. आबा एक हात आडवा धरून उंबऱ्यावर थांबले होते. डोकं खाली घालून, पुरतं वाकून, त्यांच्या हाताखालून आत शिरलो.

पाठीवर हात पडला. जड, उबदार, रुंद हात. तो लगेच उचलला गेला नाही. दोनदा थापटून, माझा श्वास चाचपावा तसा थांबला.

"आलं बघ गं," आबा आत बघून म्हणाले. "लई भ्यालेलं हाय."